धक्का न बसणारी गाडी

रुग्णवाहिकेत निघताना चार जण होते: ड्रायव्हरकाका, सिस्टर, भौतिकशास्त्र शिकवणारा बाप आणि काचेच्या पेटीत त्याची नऊशे चाळीस ग्रॅमची लेक. "जोराचा धक्का बसला तर हिच्या मेंदूत रक्तस्राव होईल," सिस्टरनी बजावलं. बापाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो पेटीचे पट्टे पुन्हापुन्हा ओढून पाहत होता. "सर, एवढं शिकलात, धक्काच न बसणारी गाडी का नाही काढली?" काकांनी विचारलं. "त्यासाठी शरीराचा कणन्‌कण एकाच वेळी, सारखाच ढकलावा लागतो. ते फक्त गुरुत्वाकर्षणाला जमतं, आणि त्याचं बटण कुणाकडेच नाही." "म्हणजे होणारच नाही?" "बहुधा कधीच नाही." काकांनी बूट काढून सीटखाली सरकवले. "अनवाणी पायाला ब्रेक नीट कळतो. आता पट्ट्यांना हात लावू नका." मोठ्या हॉस्पिटलपर्यंतच्या एकोणीस किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. संध्याकाळी मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव: शून्य.