हिकारी पडली

ओसरीत स्टीलची वाटी पडली, फरशीवर गरगरली आणि गप्प झाली. शेंगदाणे लांबपर्यंत घरंगळले. मग मोबाईलमधलं गाणंही थांबलं.

स्वयंपाकघरात चारुलता मिरच्यांचे देठ खुडत होती. गाणं थांबलं म्हणजे हिकारी पडली, एवढं तिला ऐकून ऐकून कळायचं. हिकारी म्हणजे तिच्या लेकीच्या, रुपाच्या गेममधली जपानी गायिका. शंभरएक वर्षांपुढचं टोकियो, काचेच्या उंच इमारती, आणि निळ्या उजेडाची तलवार घेऊन ही पोरगी यंत्रांच्या फौजेशी लढते. लढता लढता गाते. वार लागला की गाणं तुटतं. उजव्या अंगठ्यानं वार करायचा, डाव्या अंगठ्यानं अडवायचा.

दुसरीतल्या रुपाला अडवणं जमायचं नाही. आबांना जमायचं, म्हणून डावा अंगठा आबांचा असायचा. लोटनआबा म्हणजे चारुलताचे सासरे. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक त्यांना घोडा पारखायला बोलावून न्यायचे. पण दुपारची जेवणं झाली की ते नातीच्या खांद्याला खांदा लावून झोपाळ्यावर बसायचे. "हाई पोरगी गाणं म्हनस का लढस?" असं दरवेळी विचारायचे, आणि तिच्यावर एक वार पडू द्यायचे नाहीत.

गाणं सुरू झालं. लगेच तुटलं.

"आबा, अडवा ना."

पुन्हा सुरू झालं. पुन्हा तुटलं.

"चिटिंग. मुद्दाम हरताय तुम्ही."

"अवं बेटा, दाबी ऱ्हायनू ना मी."

"कुठे दाबताय? तुमचा अंगठा हलतच नाहीये."

चारुलताच्या हातातली मिरची तशीच राहिली. अंगणवाडीत आशाताईंनी सांगितलेलं तिला आठवलं. हात उचलत नसला, जीभ जड झाली, तोंड वाकडं दिसलं, तर वाट बघायची नाही. आबांचा आवाज आत्ता जड होता की पान तोंडात होतं? सासूबाई सुरतेला लेकीकडे गेलेल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

सासऱ्यांना तोंड दाखवायचं नाही, म्हणून तिनं पदर हनुवटीखाली ओढला आणि ओसरीच्या दाराआड उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती आबांशी थेट बोललेली नव्हती. सुरुवातीला दाराला सांगायची, जेवण वाढलंय म्हणून. रुपाला बोलता यायला लागलं तेव्हा दाराची सुटका झाली.

"रुपा, आबांना सांग, दोन्ही हात वर करा."

"आबा, आई म्हणते दोन्ही हात वर करा."

"काबर? पोलीस उना का?" आबा हसले. हसणं एका बाजूनं सांडल्यासारखं आलं.

पदराच्या काठाखालून तिला त्यांची मांडी दिसत होती. उजवा हात वर निघून गेला. डावा तिथेच, तळवा वर करून, पडून राहिला.

तिनं योगेंद्रला फोन लावला. तो नंदुरबारच्या मिरची मार्केटात होता. मागे लिलावाची ओरड चाललेली.

"आंबी ग्या व्हई हात, बठी बठी," तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "तोंड वाकडं व्हई जायेल शे का? तेवढं दखी सांग. तसं व्हयी तं आत्तेच शेजारना करणसिंगले गाडी काढाले लावस. नई तं आबा गाडीत बसाव नईत, तुले माहीत शे."

तेवढं बघायचं होतं. हजार माणसांच्या गर्दीत तिनं आबांचे पाय ओळखले असते. अंगठ्याची फुटलेली नखं, टाचेच्या भेगा, खुराखाली सापडलेलं करंगळीचं बोट. घरातल्या लग्नाच्या फोटोत फेट्याखाली मिशा तेवढ्या दिसायच्या. बाकी जे दिसलं ते कडेनं, ओझरतं, पाठमोरं.

तिनं पदर मागे टाकला.

पांढरी मिशी. तिचं एक टोक खाली. एक डोळा बारीक, ओठाचा कोपरा ओघळलेला. पण हे आजचं होतं, की कधीचंच? काही माणसांची तोंडं असतात तशी. घोड्यांची लाथ लागलेली असते, दाढा काढलेल्या असतात. तिनं डोळे ताणून पाहिलं. तिच्याजवळ ताडून बघायला दुसरं काहीच नव्हतं.

"सांग ना," फोनमधून योगेंद्र म्हणाला. "वाकडं शे का?"

ती झोपाळ्यापाशी बसली, रुपाच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "आबांचं तोंड रोज असंच असतं का गं?"

रुपानं मोबाईलवरून मान वर केली. आबांकडे नीट पाहिलं. नाही म्हणून मान हलवली, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"वाकडं शे," चारुलता फोनमध्ये म्हणाली. "लवकर."

मग ती आबांकडेच वळली. "आबा, उठा. गाडी ई ऱ्हायनी."

आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनीही सुनेचं तोंड एवढ्या जवळून पाहिलेलं नव्हतं. "काही नई व्हयनं मले," असं काहीसं ते म्हणाले, पण शब्द एकमेकांत अडकले, आणि ते त्यांनाही ऐकू आलं असावं. पुढं त्यांनी हुज्जत घातली नाही. उठले, तसा डावा पाय फरशीवरून घसरला. चारुलतानं त्यांना कमरेला धरलं.

करणसिंगनं गाडी शहाद्याच्या रस्त्याला सुसाट घातली. दोन्ही बाजूंनी ऊस मागे पळत होता. मागच्या सीटवर आबांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, जड, आणि दर वळणाला आणखी जड. ती एकसारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पुढे बसलेली रुपा वळली, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली, आणि बराच वेळ दोघांकडे बघत राहिली.

"आई," तिनं विचारलं, "आबांचं तोंड रोज कसं असतं, ते तू मला का विचारलंस?"