निष्काळजी पेरणाऱ्याचा पंचनामा

गिरिजाबाईनं विळा कणगीमागं लपवला, कुऱ्हाड शेजारच्या घरी नेऊन दिली, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अहो, समितीवर हात उचलू नका. सरकारी माणसं हायेत. जामीन न्हाई भेटत."

"हात कशाला उचलू?" सर्जेरावांनी इस्त्रीचा सदरा अंगात घातला. "पाहुणे हायेत माझे. वर्षभर वाट पाहून राह्यलो त्यांची."

हे त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं, की गिरिजाबाईनं खलातला बत्तासुद्धा उचलून ठेवला.

मागच्या वर्षी सर्जेरावांचं सोयाबीन उगवलं नव्हतं. त्यांनी तक्रार केली. बियाणे तक्रार समिती आली, गाडीतून न उतरता काचेतून शेत पाहिलं आणि निकाल दिला: बियाणे निर्दोष, शेतकऱ्याचा निष्काळजीपणा. निकालाची प्रत पंचायतीच्या फळ्यावर लागली. याच्यावर दाद कुठं मागायची, असं त्यांनी लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं, याच समितीकडं.

ज्याला विचारल्याशिवाय गाव तिफण जुंपत नव्हतं, त्याला पोरंटोरं 'निष्काळजी काका' म्हणू लागली. हसनाबादच्या व्याह्यांनी तर भरल्या पंगतीत विचारलं, "जेवायचं तरी ध्यानात राह्यतं ना सोयरे?" पंगत हसली. सर्जेरावही हसले. तो घास मात्र अजून त्यांच्या नरड्यात होता.

या वर्षी त्यांनी त्याच कंपनीच्या त्याच वाणाची एक पिशवी मुद्दाम आणली आणि एकरभर रानात बोटानं खोली मोजून पेरली. उगवलं नाही. गावानं कपाळावर हात मारला. सर्जेरावांनी पुन्हा तक्रार टाकली. डाग ज्यांनी लावला, त्यांच्याच सहीनं तो पुसायचा आणि पुसताना त्यांची बोटं काळी करायची, एवढाच हट्ट होता.

भर दुपारी फाट्यावर गाडी आली. पुढच्या सीटवर अध्यक्ष ढवळे साहेब, मागं सचिव संध्या मॅडम आणि त्यांच्या शेजारी कंपनीचा प्रतिनिधी सुमित. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही समितीत असतो. त्यालाही वाटलं पाहिजे न्याय झाला म्हणून. शास्त्रज्ञ रजेवर होते. मागच्या वेळीही होते. त्यांची सही मागून येत असे.

सर्जेरावांनी मोटारसायकल पुढं काढली. गाडी मागोमाग निघाली. एका बांधाशी ते थांबले आणि त्यांनी स्वतः गाडीचं दार उघडलं.

"साहेब, या टायमाला तेवढं खाली उतरा. पाया पडतो."

ढवळे उतरले. शेतात इथं एक रोप, तिथं दोन, बाकी सगळी उघडी माती.

"गट नंबर?" संध्या मॅडमनी कोरा छापील पंचनामा काढला. तक्रारीची फाईल गाडीतच होती. ऊन फार होतं.

"हा एकशे बारा."

मॅडमनी लिहिलं.

ढवळेंनी बुटाच्या टोकानं माती उकरली. "चार बोटं खोल गेलंय बी. कुण्या अडाण्यानं पेरलं हे?"

"आन् ओळी पाहा, साहेब," सर्जेराव म्हणाले. "पेताड माणूस चालल्यावानी."

ढवळेंनी चमकून पाहिलं. "म्हणजे चूक कबूल आहे?"

"चूक ती चूक. झाकायची कशाला? एकच इनंती हाये. मागच्या साली नाव फळ्यावर लागल्तं. लई बेइज्जती झाली. आता नावाच्या जागी नुसतं 'पेरणी करणारा' लिहा."

समोरचा शरण आला, की अधिकाऱ्याला औदार्य परवडतं. "लिहा मॅडम, 'पेरणी करणारा'. आपल्याला काय कुणाची अब्रू घ्यायचीय?"

"पण कडक लिहा," सर्जेराव म्हणाले. "बिलकुल दयामाया नको."

ढवळे सांगू लागले, "बियाणे निर्दोष. पेरणी करणाऱ्यास शेतीचे प्राथमिक ज्ञान नाही. पेरणीनंतर शेताकडे कोणी फिरकल्याचे दिसत नाही."

"बराबर!" सर्जेरावांना राहवेना. "एकदा बी कुणी आलं न्हाई. अशाच्या हाती बियाणं देणंच गुन्हा हाये. ते बी टाका."

तेही टाकलं.

"मंग याला जबाबदार असंल त्याच्यावर कारवाई करा, म्हणून लिहा. सगळा खर्चा त्याच्याकडून वसूल करा."

"एवढं?" ढवळेंनाच कसंतरी झालं.

"दुसऱ्याला धडा भेटला पाह्यजे, साहेब."

सुमित खो खो हसला. "काका, पुढच्या वेळी तुम्हीच समितीत या!"

"बोलवा की."

गाडीच्या बॉनेटवर सह्या झाल्या. शास्त्रज्ञांची जागा रिकामी सोडली. शिक्का बसला. साक्षीदार म्हणून सर्जेरावांनी ठळक अक्षरात सही केली आणि प्रत मागून घेतली. ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. शिक्का वाळला की नाही, ते बोटानं पाहिलं. मग घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

ढवळेंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखा समजूतदार तक्रारदार पाहिला नाही, सर्जेराव. चला, निघतो. पुढच्या वर्षी जरा लक्ष द्या शेतीकडं."

"निघता कुठं, साहेब? माझं शेत तर वढ्याच्या पल्याड हाये," सर्जेराव अदबीनं म्हणाले. "हे याच बियाण्याचं आपल्या कृषी खात्याचं आदर्श प्रात्यक्षिकाचं रान, 'मार्गदर्शक' म्हणून तुमच्या नावाचा बोर्ड असतो इथं, धूळ बसल्ती म्हणून काल पुसायला घरी नेला."