नवीला काय व्हत न्हाय

विनिताने बॉनेट उघडलं आणि दिराला म्हणाली, "भावजी, अंगणातला दिवा घालवा."

"गाडी सुरू व्हत न्हाय म्हणून दिव्यावर राग?" केतन आपल्या नव्या कोऱ्या गाडीला टेकून चहा पीत होता. अजून उजाडलं नव्हतं. फाटकाशी येसूबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना मांडव्याची पहिली बोट गाठायची होती. विनिताच्या जुन्या पांढऱ्या गाडीपायी ती काल चुकली होती आणि परवाही चुकली होती.

"आज पन चुकली तर उद्यापासून आम्ही केतनच्या गाडीत बसू," येसूबाईने तोंडावर सांगून टाकलं. "राग मानू नको बाय."

राग मानायला वेळ कुणाला होता? बाया गेल्या की गाडी भंगारात आणि विनिता घरात, असं केतनने चारचौघांत ठरवूनही टाकलं होतं. नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा. "बघा तुमचं तुम्ही," असं तो फोनवर म्हणाला होता. म्हणजे झालंच.

गाडीचा आजार मोठा नाटकी होता. सकाळी गार असताना इंजिन खोकायचं, अडखळायचं, सगळी गाडी थरथरवून बंद पडायचं. एकदा कसंबसं तापलं की दिवसभर साळसूद. अलिबागच्या मेकॅनिककडे पोचेस्तोवर ते तापलेलंच असायचं. शेवटी त्याने गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली, तर सकाळी पहिल्याच चावीला सुरू! "गाडीत काही नाही," तो हसत म्हणाला, "चालवणाऱ्यात असेल." केतनने हे वाक्य बारशाच्या घुगऱ्यांसारखं गावभर वाटलं.

विनिताच्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळत होतं. तिथे सुरू होते आणि इथे होत नाही. मग तिथे नाही असं इथे काय आहे?

"दिवा घालवा म्हटलं ना!"

"वैनी, जरा माझी बघा. पावसात उभी करा, खाऱ्या वाऱ्यात उभी करा. नवीला काय व्हत न्हाय."

दिवा त्याने घालवला नाहीच. ओसरीवरून सासरे उठले आणि बटण दाबून आले. नामाआबा रोज संध्याकाळी गाडीवर ताडपत्री घालायचे आणि पहाटे काढायचे. आत्ताही तिची घडी त्यांच्या बगलेत होती.

अंधारात विनिताने चोक ओढून चावी फिरवली. इंजिन खोकत, लंगडत सुरू झालं. ती धावत पुढे आली आणि आत वाकली. प्लगला जाणाऱ्या वायरींवर बारीक निळ्या ठिणग्या सरपटत होत्या. प्लगपर्यंत पोचायच्या आधीच करंट बाहेरून लोखंडात पळत होता.

"गावली!" ती ओरडली. तेवढ्यात इंजिन आचका देऊन बंद पडलं. आबांनी दिवा पुन्हा लावला. तिने वायरीवरून बोट फिरवलं. वायर ओली होती. बोट जिभेला लावलं तर खारट.

दवाला कुठली खारट चव?

तिची नजर आबांच्या बगलेकडे गेली. ती ताडपत्री मिठागरातली, मिठाच्या राशी झाकायची. मिठागर कधीच भरावाखाली गेलं होतं. आबांकडे राहिली ती ही एवढीच. मीठ मुरलेलं ते कापड रात्रभर हवेतलं पाणी ओढत होतं आणि बॉनेटच्या फटीतून खाली ठिबकत होतं. आणि गॅरेजात ते नव्हतं.

विनिताला वाईट वाटलं. सुनेच्या गाडीला दव लागू नये म्हणून तर आबा जपत होते. त्यांना हे सांगायचं कसं? पण सांगावं लागलं नाही. आबांचा जन्म मिठात गेला होता. तिने बोट चाटलेलं त्यांनी पाहिलं आणि ताडपत्रीचा कोपरा मुठीत दाबला. पायावर पाणी पडलं.

केतन खो खो हसायला लागला. "म्हणजे आबानेच मारली गाडी! आता म्हाताऱ्याने गाडीला हात न्हाय लावायचा."

"तोंड सांभाळा, भावजी." विनिता पदराने एकेक वायर कोरडी करत होती. "गाडी आबाच झाकतील. रोज झाकतील. फक्त आजपासून सुकी चादर घेतील. व्हय ना, आबा?"

आबांनी ताडपत्रीची घडी पुन्हा बगलेत आवळली.

तिने बॉनेट आपटलं, आत बसली आणि चावी फिरवली. गार इंजिन पहिल्याच चावीला लागलं. खोकला नाही, थरथर नाही. येसूबाईने टोपली मागे टाकली आणि कुणी बोलवायच्या आत पुढच्या सीटवर येऊन बसली. "चल चल, बोट न्हाय थांबायची. आणि त्या मेकॅनिकला सांग, चालवनारी चांगली हाय म्हणून!"

फाटकाशी विनिताने आरशात पाहिलं आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आबा ताडपत्री उलगडत केतनच्या गाडीकडे चालले होते. ती त्यांनी टपावरून नीट खाली सोडली, बॉनेटही झाकलं.

"आबा! आबा, काय चाललंय? नको, खराब व्हईल गाडी!" केतन ओरडला.

आबांनी खाली बसून, मिठाच्या राशीवर मारायचे तशी, चाकाशी करकचून गाठ मारली.

"कशाला व्हईल?" ते म्हणाले. "नवीला काय व्हत न्हाय."