वर का खाली?

सलूनच्या टीव्हीवर शेअरबाजाराचा निर्देशांक सकाळपासून चढत होता. बाकावर बसलेल्या न्हाव्याच्या बायकोला पडदा धूसर दिसायचा. “वर का खाली हो?” तिने विचारलं. “वर,” गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवत न्हावी म्हणाला. खोटं बोलायची गरजच नव्हती. निर्देशांक वर गेला की आपला फायदा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पण बाजार पडणारच म्हणून काल तिला न सांगता तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे त्याने घसरणीवर लावले होते. चढत्या आकड्यागणिक ते वितळत होते. “वहिनी, आता पार्टी द्या,” गिऱ्हाईक म्हणालं. तिने हसून फोन पुढे केला. “मग डॉक्टरांना उद्याचं नक्की सांगते. नंबर लावून द्या, मला आकडे दिसत नाहीत.” साबणाची बोटं पुसून त्याने लावला. फोन कानाशी धरून तिने विचारलं, “अजून वरच ना?” “वरच.”