फोटोमागची ओळ

माहेरी आलेल्या शलाकाने पाहिलं, तर अण्णा मोबाईल कानाला लावून ओटीवर बसले होते. तिच्या लग्नाआधीच काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून मोबाईलच त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवायचा.

"काय ऐकताय, अण्णा?"

"तुझ्या लग्नाचे फोटो. छान आलेत हो."

तिनेही कान दिला. अण्णा बोट सरकवत होते आणि फोन म्हणत होता, "इमेज. इमेज. इमेज."

शलाकाला कसंतरीच झालं. हे फोटो ज्या वेबसाइटवर होते, ती तिनेच बनवली होती, आणि तोच तिचा व्यवसायही होता. प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं, म्हणजे न दिसणाऱ्याला ते ऐकू येतं, हा अगदी पहिल्या धड्यातला नियम. ऑफिसात ती तो कधी चुकवत नसे. इथे मात्र 'घरचेच तर बघणार' म्हणून तिने त्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या.

चहासुद्धा न घेता ती लॅपटॉप उघडून बसली. सगळं लिहून झाल्यावर म्हणाली, "आता ऐका."

मामांनी तिरका धरलेला अंतरपाट, आग्रहाने जिलेबी वाढणारी काकू... ऐकताना अण्णा खुदकन हसत होते. मग फोन म्हणाला, "पाठवणी. शलाका गाडीत बसली आहे. सगळे तिच्याकडे बघताहेत आणि ती मागे वळून, दाराशी उभ्या असलेल्या अण्णांकडे बघते आहे."

अण्णांचं बोट थांबलं.

"मला वाटलं होतं, तू न बघताच गेलीस," ते म्हणाले, आणि पुढचा फोटो ऐकायचा राहूनच गेला.