पहिली प्रत

शाई पुरती वाळायच्या आतच वर्धमानने ‘जवान भैरू’चा नवा अंक पिशवीत घातला आणि सांगलीच्या स्टँडवर मिरजेची गाडी पकडली. त्याच्या प्रेसचा रिवाजच होता तसा. पहिली प्रत चित्रकाराची, मग बाकीची छपाई.

आता बाकीची छपाई नव्हती.

तीन वर्षांमागे काय दिवस होते! लढाई नुकतीच संपलेली, घरटी एक माणूस फौजेत, आणि नाथाजीने चितारलेला भैरू पोरांच्या डोक्यात पक्का बसलेला. एसटीच्या टपावरून अंकांचे गठ्ठे लोणंदला जात, कवठे महांकाळला जात, आणि आठवड्यात ‘आणखी पाठवा’ म्हणून निरोप येई. ते बघून लग्नपत्रिका छापणाऱ्यांनीही चित्रकथा काढल्या. जो तो त्यातच. मग कागद महागला, साठ पैशांचा अंक सव्वा रुपयाला गेला आणि पोरांनी तोंड फिरवलं. गेलेले गठ्ठे सुतळीसुद्धा न सुटता परत येऊ लागले. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला वर्धमानने भैरू बंद केला.

त्याच महिन्यात नाथाजीला मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. छाती पोखरली होती. “त्यांची उमेद राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. नाथाजीची उमेद म्हणजे भैरू. बायको नाही, पोर नाही, दुसरं होतं काय त्याला? अंक बंद झाल्याचं सांगायला वर्धमानची जीभ रेटली नाही. नाथाजी खाटेवर बसून चित्रं काढत राहिला, वर्धमान कोल्हापूरहून त्यांचे छापायचे जस्ती ब्लॉक करून आणत राहिला आणि दर महिन्याला मोजून एक प्रत छापत राहिला.

“एका प्रतीसाठी एवढा खटाटोप?” त्याची बायको गुणमाला म्हणायची.

“वाचणारा एकच हाय, पण पक्का हाय,” असं म्हणून तो मशीनचं चाक फिरवायचा. तिच्याकडे बघायचा मात्र नाही.

दवाखान्यात नाथाजीने अंक आधी नाकाशी नेला. शाईचा वास घेतला.

“किती काढल्या, आण्णा?”

“आठ हजार. पुरत न्हाईत.”

“लोणंदला?”

“लोणंदला तर उड्या पडत्यात गड्या.”

नाथाजी हसला. हसता हसता खोकला. बराच वेळ खोकला.

“पोरं पत्रं धाडत्यात का वो?”

“पोतंभर! आणतो की पुढच्या खेपंला.”

एवढं धडधडीत खोटं बोलून वर्धमान घरी आला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटत राहिलं. मशीन तरी कशाला ठेवायचं? एक गिऱ्हाईक आलंच होतं. मशीन विकायचं त्याने ठरवून टाकलं.

आठवड्याने खरोखरच एक कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं. ‘मालक, मी लालासाहेब, लोणंदचा. भैरू लय आवडतो. काय बी झालं तरी मशीन मोडू नका.’

वर्धमानने ते तीनदा वाचलं. जुना एखादा फाटका अंक अजून हातोहात फिरत असणार! गिऱ्हाइकाला त्याने वाटेला लावलं. पुढे दर महिन्याला लालासाहेबाचं कार्ड येऊ लागलं. भैरूचं कौतुक आणि मालकांना धीर, बस. वर्धमान ते नाथाजीला वाचून दाखवायचा. तेवढं एक तरी खरं सांगायला मिळे.

“बेस हाय की पोरगं,” नाथाजी म्हणायचा.

एकदा वर्धमानला त्याच्या डाव्या हाताची बोटं शाईने माखलेली दिसली.

“आता डाव्या हातानंबी चितारतूस व्हय रं?”

“उजवा दमतोय, आण्णा. डाव्याला शिकवतोय.”

वैशाखात नाथाजीने पुढच्या अंकाची चित्रं दिली. शेवटच्या चित्रात भैरूची रजा मंजूर झाली होती. शेताच्या बांधावर बूट काढून ठेवून तो अनवाणीच घराकडे निघाला होता, पाठमोरा. वर्धमानने अंक छापून नेऊन दिला. पाचव्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. नाथाजी गेला होता.

अग्नी वर्धमाननेच दिला. तो अंक त्याने नाथाजीच्या छातीवर ठेवला. लोकांदेखत लहान पोरासारखा रडला.

तिसऱ्या दिवशी तो प्रेसमध्ये आला. त्या अंकाचे ब्लॉक अजून मशीनवर तसेच बांधलेले होते. हा अंक आता खरोखर काढायचा, त्याने ठरवलं. पाचशे तर पाचशे. लालासाहेब आहे, त्याच्यासारखे आणखी असतील. नाथाजीशी बोललेलं खोटं निदान एकदा तरी खरं करायचं. त्याने कागद लावला, शाई घातली.

इतक्यात पोस्टमनने दारातून कार्ड आत टाकलं. तेच वेडंवाकडं अक्षर. या खेपेला जरा जास्तच वेडंवाकडं.

‘मालक, भैरूनं बांधावर बूट काढले आन् अनवाणी घराकडं गेला, ते लय ब्येस झालं. दमला होता. तुमी वाईट वाटून घेऊ नका. तुमी लय केलंत. मशीन चालू ठेवा. तुमचा, लालासाहेब.’

“बघ गं, पोराला कसं कळलंय!” वर्धमान हरखून मदतीला आलेल्या गुणमालाला म्हणाला आणि त्याने चाकाला हात घातला.

हात तिथेच राहिला. त्या अंकाची पहिली प्रत त्याने नाथाजीला दिली होती. दुसरी अजून छापायची होती.