सूतभर

"तुमच्या आधी अकरा जण आहेत, काका," दुरुस्तीवाली मान वर न करता म्हणाली.

काल दुपारी गल्लीतली वीज गेली आणि परत आली ती दुप्पट जोर घेऊन. पंखे, मिक्सर, टीव्ही, जे जे चालू होतं ते एका झटक्यात गार पडलं. आज सगळी गल्ली तिच्या दुकानात येऊन बसली होती. सुतारकाका मात्र बसले नाहीत. कानावर पेन्सिल, काखेत मुलीचा लॅपटॉप, असे दारातच उभे राहिले.

"चार वाजता पोरीची मुलाखत आहे. यावरच काम करून दाखवायचंय, मोबाइलवर चालत नाही म्हणतात. लांबच्या शहरातली नोकरी आहे, आज हुकली की गेलीच. चार्जच होत नाही हो हा. काहीही करा, ताई. मी इथून हलणार नाही."

"द्या त्यांना आधी," रांगेतली एक बाई म्हणाली. "माझा मिक्सर काही मुलाखतीला जात नाहीये."

घड्याळात पावणेतीन झाले होते. दुरुस्तीवालीने लॅपटॉप पुढ्यात ओढला. तिची एक खोड होती. बिघाड सापडल्याशिवाय वस्तू परत द्यायची नाही, आणि सापडला की तो चिठ्ठीवर लिहून वस्तूलाच चिकटवायचा. अगदी खरा लिहायचा. या चिठ्ठ्यांपायी दोन-तीन घरांत कडाक्याची भांडणं झाली होती, पण बाई बधली नव्हती.

तिने चार्जरला मीटर लावला. एकोणीस व्होल्ट, ठणठणीत. मग दुकानातला दुसरा चार्जर लावून पाहिला. दिवा लागला नाही. बॅटरी काढली, बटण अर्धं मिनिट दाबून धरलं, बॅटरी पुन्हा बसवली. काही नाही. शेवटी झाकण उघडलं. जळका वास नाही, कुठे काळा डाग नाही. आता तिला चेव चढला. तिने पिन पुन्हा घातली, या वेळी अगदी सावकाश.

"पिन पूर्ण आत जात नाहीये. जरा बाहेर राहतेय."

"सूतभर," काका म्हणाले.

तिने वर पाहिलं. काका दारात होते. तिथून पिन दिसणं शक्यच नव्हतं.

तिने भिंग ओढलं. भोकाच्या तळाशी काहीतरी तपकिरी, टणक बसलं होतं. स्पिरिटचा थेंब सोडून ती सुईने कोरू लागली. कागदावर कण पडले. तिने ते बोटांत चुरडले. लाकडाचा भुसा होता, सरसात कालवलेला.

तिचं लक्ष आपल्याच टेबलाकडे गेलं. चार वर्षांपूर्वी ते काकांनी करून दिलं होतं. फळीत कोपऱ्याजवळ एक गाठ होती. ती त्यांनी अशी बुजवली होती की बोट फिरवूनही कळत नसे. रंग तोच, तपकिरी.

तिला भयंकर राग आला. लॅपटॉप तसाच यांच्या हातात द्यावा असं वाटलं. पण घरी बसलेल्या त्या मुलीने कुणाचं काय वाकडं केलं होतं? दुरुस्तीवाली पुन्हा भिंगावर वाकली.

"सकाळी मीही कोरून पाहिलं," काका हळूच म्हणाले. "आतली पिन मोडेल म्हणून हात आखडला. पोरगी कालपासून धड जेवली नाही. वर मलाच म्हणते, बाबा, तुम्ही नका दमू. चहा करून दिला मला."

दुरुस्तीवाली सुईने कोरत राहिली. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. रांगेतल्या कुणी चुळबुळ केली नाही. तीन पस्तीसला पिन खट्कन आत बसली आणि लॅपटॉपच्या कडेला नारिंगी दिवा लागला. मिक्सरवाली चक्क टाळ्या वाजवून मोकळी झाली.

झाकण बसलं, स्क्रू आवळले गेले. दुरुस्तीवालीने सवयीने चिठ्ठी फाडली, पेन टेकवलं आणि थांबली.

"काका, काय लिहू?"

वीज, एवढा एकच शब्द पुरला असता. अख्ख्या गल्लीने मान डोलावली असती. काकांनी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली. कानावरची पेन्सिल काढली, आपणच केलेल्या टेबलावर वाकले आणि फळीवर खुणा कराव्यात तशा ठसठशीत अक्षरांत लिहून चिठ्ठी स्वतःच्या हाताने लॅपटॉपवर चिकटवली.

'बाबांनीच बुजवलं होतं. आता मोकळं केलंय. जा.'